एका बॅगेत क्रॉप आणि फुल फ्रेम: लेन्स निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रॉप सेन्सरची, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची, बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आधीपासून आहे आणि आता फुल फ्रेम घेतली किंवा घ्यायची आहे, अशांसाठी हे प्रश्न. उदाहरणं निकॉन, कॅनन आणि सोनीची आहेत, कारण एकाच कंपनीच्या दोन्ही आकारांच्या बॉडी वापरणारे बहुतेक जण यांतलंच काहीतरी वापरतात. आमचं मत आधीच सांगून टाकतो. लांब पल्ल्याच्या लेन्स दोन्ही बॉडींत वाटून वापराव्यात. रुंद कोनाची लेन्स मात्र, ते काम ज्या बॉडीवर होणार तिच्यासाठीच घ्यावी. ‘दोन्हीकडे चालेल अशी एकच’ शोधायला निघालं की बहुतेक वेळा दोन्हीकडे अर्धवट चालणारी महागडी लेन्स गळ्यात पडते.

प्रश्न: ५० ची लेन्स क्रॉपवर लावली की ७५ ची होते, हे खरं का?

लेन्स ५० चीच राहते, बदलतो तो दिसणारा कोन. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मि.मी.चा असतो. निकॉन आणि सोनीचा क्रॉप सेन्सर साधारण २३.५ × १५.६, तर कॅननचा त्याहून थोडा लहान, २२.३ × १४.९ च्या आसपास. म्हणून निकॉन-सोनीला १.५ आणि कॅननला १.६ हा गुणक. ५० मि.मी. फुल फ्रेमवर तिरक्या मापात सुमारे ४७ अंश दाखवते, १.५ क्रॉपवर ३१-३२ अंश. म्हणजे फुल फ्रेमवर ७५ ची लेन्स जेवढं दाखवेल तेवढंच.

यात लोक अडखळतात ते क्रॉपच्या लेन्सवर छापलेल्या आकड्याशी. १८-५५ या किट लेन्सवरचा १८ हा खराखुरा १८ च असतो, ‘क्रॉपसाठी आधीच गुणलेला’ नसतो. फुल फ्रेमची ३५ आणि क्रॉपची ३५ एकाच क्रॉप बॉडीवर आलटून-पालटून लावल्या तर फ्रेम सारखीच येते.

प्रश्न: लेन्स क्रॉपची की फुल फ्रेमची, हे नुसतं बघून कसं ओळखायचं?

नावातल्या अक्षरांवरून. निकॉनच्या क्रॉप लेन्सवर ‘डीएक्स’ असतं. फुल फ्रेमच्या लेन्सवर बहुधा काहीच लिहिलेलं नसतं. कॅनन डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेला कॅमेरा) ‘ईएफ-एस’ म्हणजे क्रॉप आणि ‘ईएफ’ म्हणजे फुल फ्रेम. मिररलेसमध्ये (आरसा नसलेला कॅमेरा) अनुक्रमे ‘आरएफ-एस’ आणि ‘आरएफ’. सोनीत नुसतं ‘ई’ म्हणजे क्रॉप, ‘एफई’ म्हणजे फुल फ्रेम. सिग्मात ‘डीसी’ क्रॉप, ‘डीजी’ फुल फ्रेम. टॅमरॉनच्या डीएसएलआर लेन्समध्ये ‘डीआय टू’ क्रॉप आणि नुसतं ‘डीआय’ फुल फ्रेम. टॅमरॉनच्या मिररलेस लेन्सवर ‘डीआय थ्री’ असतं, आणि त्यापुढे ‘ए’ जोडलेला असेल तर ती क्रॉपची.

कॅनन डीएसएलआरला आणखी एक खूण असते. ईएफ-एस लेन्सच्या माउंटजवळ (लेन्स आणि बॉडी जोडली जाते ती बसण) पांढरा चौकोन, ईएफला लाल ठिपका. क्रॉप बॉडीच्या माउंटवर दोन्ही खुणा दिसतात, फुल फ्रेमवर फक्त लाल ठिपका.

प्रश्न: क्रॉपची लेन्स फुल फ्रेम बॉडीवर लावता येते का?

हे कंपनीवर आणि माउंटवर ठरतं, म्हणून एकेक घेऊ.

निकॉन डीएसएलआर: डीएक्स लेन्स फुल फ्रेमवर बसते आणि बॉडी आपोआप डीएक्स क्रॉप घेते. मेनूत ‘इमेज एरिया’खाली ऑटो डीएक्स क्रॉप बंद केला की पूर्ण सेन्सर वापरता येतो, पण मग कोपरे काळे पडतात. काही लेन्समध्ये हे काळं कमी असतं. डीएक्स ३५ एफ/१.८ जी पूर्ण फ्रेमवर लावली तर कोपरे अंधारतात, पण थोडं कापून किंवा चौकोनी फोटो ठेवून काम भागतं.

निकॉन मिररलेस: झेड ६, झेड ७ अशा बॉडींवर डीएक्स लेन्स लावली की डीएक्स क्रॉप होतोच, तो बंद करता येत नाही.

सोनी: लेन्स बसते. क्रॉपच्या सेटिंगला ‘एपीएस-सी एस३५’ असं नाव आहे. ते ऑटोवर ठेवावं. मॅन्युअल करून बंद ठेवलेलं असेल तर कोपऱ्यांत काळं वर्तुळ येतं, आणि छोट्या स्क्रीनवर ते पटकन लक्षात येत नाही.

कॅनन मिररलेस: आरएफ-एस थेट बसते, ईएफ-एस अडॅप्टरने. दोन्ही वेळा १.६ चा क्रॉप आपोआप होतो.

कॅनन डीएसएलआर: ईएफ-एस लेन्स फुल फ्रेमवर बसतच नाही आणि ती बसवायचा खटाटोपही करू नये. ईएफ-एस २००३ साली ३००डी सोबत आली. तिचा मागचा भाग बॉडीत जास्त आत शिरतो. फुल फ्रेमचा आरसा मोठा असतो, तो वर उचलला जाताना या भागावर आपटेल. ३००डीच्या आधीची १०डी क्रॉप असूनही तिच्यावर ईएफ-एस बसत नाही, तेव्हा जुनी बॉडी हातात आली तर माउंटवर पांढरा चौकोन आहे का ते बघावं.

प्रश्न: मग सिग्मा, टोकिनाच्या क्रॉप लेन्स कॅनन ६डी वर कशा काय बसतात?

कारण या कंपन्यांनी कॅननसाठी साधा ईएफ माउंटच वापरला, ईएफ-एसचा आत शिरणारा भाग नाही. लेन्स बसते, फोकस होतो, पण बॉडीला ती क्रॉपची आहे हे कळत नाही. त्यामुळे क्रॉप होत नाही आणि काळी कडा तशीच राहते. झूम पुढे नेला की कडा कमी होत जाते. टोकिना ११-१६ एफ/२.८ फुल फ्रेमवर १६ ला वापरता येते, ११ ला नाही. अशी लेन्स आधीच बॅगेत असेल तर नवी १६-३५ येईपर्यंत तिच्यावर दिवस काढायला हरकत नाही. या जुगाडासाठी म्हणून ती नव्याने घेऊ नये.

प्रश्न: क्रॉप मोडमध्ये किती मेगापिक्सेल उरतात? ते पुरतात का?

१.५ क्रॉपमध्ये मूळ आकड्याला २.२५ ने भागायचं, कॅननच्या १.६ ला २.५६ ने. २४ मेगापिक्सेलच्या निकॉन डी७५०, झेड ६ किंवा सोनी ए७ मार्क ३ मध्ये उरतात सुमारे १०. कॅनन आर६ मार्क २ मध्ये साडेनऊच्या आसपास. ४५ मेगापिक्सेलच्या डी८५० मध्ये साधारण १९, कॅनन आर५ मध्ये १७, आणि ६१ मेगापिक्सेलच्या सोनी ए७आर मार्क ४ मध्ये २६.

पुरतात का, हे छापायच्या आकारावर. निकॉनच्या १० मेगापिक्सेल क्रॉप फाइलची लांबी ३९३६ पिक्सेल असते. लग्नाच्या अल्बमचं १२ × १८ इंची पान भरायचं तर इंचाला सुमारे २१८ पिक्सेल मिळतात. हाताच्या अंतरावरून बघायला हे चालतं. पण त्याच फाइलमधून पुन्हा एखादा चेहरा कापून काढला तर फोटो फुटतो. म्हणजे ४५ मेगापिक्सेलच्या बॉडीवर क्रॉप लेन्स लावणं ही रोजची सोय होऊ शकते, २४ च्या बॉडीवर ती अडीअडचणीपुरतीच ठेवावी.

डीएसएलआरवाल्यांना आणखी एक गैरसोय आहे. क्रॉप केला तरी व्ह्यूफाइंडरमधलं चित्र मोठं होत नाही, फक्त आत चौकट दिसते किंवा बाहेरचा भाग मंद होतो. मिररलेसमध्ये क्रॉप झालेली फ्रेम पूर्ण व्ह्यूफाइंडरभर दिसते.

प्रश्न: अ‍ॅपर्चरलाही १.५ ने गुणायचं का?

एक्सपोजरसाठी नाही. एफ/२.८, १/२५० आणि आयएसओ ४०० दोन्ही बॉडींवर सारखाच उजेड देतात. मागची धूसरता किती येईल याचा अंदाज हवा असेल तर गुणावं. त्याच जागेवरून, तीच चौकट धरून काढलेला क्रॉप ३५ एफ/१.८ चा फोटो फुल फ्रेमवरच्या साधारण ५२ एफ/२.७ सारखा दिसतो. आयएसओमुळे येणाऱ्या दाण्यांचंही तसंच. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ सव्वादोन पट असल्याने एकूण प्रकाश तेवढा जास्त गोळा होतो, म्हणजे एका स्टॉपहून (दुप्पट प्रकाश म्हणजे एक स्टॉप) थोडा अधिक फायदा. कॅननच्या क्रॉपशी तुलना केली तर तो सव्वा स्टॉपच्याही थोडा पुढे जातो.

प्रश्न: २४-७० एकच घेऊन दोन्हीकडे वापरली तर?

वापरता येते, पण क्रॉपवर ती निकॉनला ३६-१०५ आणि कॅननला ३८-११२ सारखी दिसते. व्यक्तिचित्रांना झकास. मंगल कार्यालयात मात्र अडते, आणि किती अडते ते आकड्यात बघण्यासारखं आहे. फ्रेममध्ये किती रुंदी मावेल याचं सूत्र सोपं आहे: अंतर गुणिले सेन्सरची रुंदी, भागिले फोकल लेंथ (लेन्सवर छापलेला मि.मी.चा आकडा). स्टेजपासून ४ मीटरवर उभे आहात. २४ मि.मी. फुल फ्रेमवर ४ × ३६ ÷ २४, म्हणजे ६ मीटर मावतात. साधारण वीस फुटांचं स्टेज पूर्ण आलं. तीच लेन्स निकॉन क्रॉपवर लावा: ४ × २३.५ ÷ २४, म्हणजे ३.९ मीटर. दोन्हीकडच्या मामा-मावश्या कापल्या गेल्या. मागे सरकायला जागा असती तर प्रश्नच नव्हता, पण मागे खुर्च्या आणि व्हिडिओवाल्याचा ट्रायपॉड असतो. तेवढंच क्रॉपवर मावायला १६ मि.मी. लागते.

म्हणून मधल्या पल्ल्यात प्रत्येक बॉडीला तिची स्वतःची झूम असावी: फुल फ्रेमला २४-७० किंवा २४-१२० एफ/४, क्रॉपला १६-८०, १७-५० एफ/२.८ किंवा मिररलेस असेल तर सिग्मा १८-५० एफ/२.८. क्रॉपच्या या झूम वापरलेल्या चांगल्या भावात मिळतात. क्रॉप फक्त दुसरी बॉडी म्हणून लांब लेन्सखालीच वापरणार असाल तर तिच्या मधल्या झूमवर पैसे घालू नका, सोबत आलेली किट लेन्स पुरे.

प्रश्न: १६-३५ घेतली तर क्रॉपवर रुंद कोनाचं काम होईल का?

नाही. ती क्रॉपवर २४-५२ सारखी होते. फिरायला जाताना एकच लेन्स लावायची तर हा पल्ला खरं म्हणजे फार सोयीचा आहे, पण त्याला रुंद म्हणता येत नाही. गडावरची तटबंदी, वाड्याचा चौक, देवळाचा सभामंडप यांना हवी ती रुंदी क्रॉपवर १०-११ मि.मी.पासून मिळते. कॅनन ईएफ-एस १०-१८ आणि निकॉन एएफ-पी डीएक्स १०-२० या दोन्ही हलक्या, स्वस्त आणि स्थिरीकरण असलेल्या लेन्स आहेत. त्यांचं अ‍ॅपर्चर एफ/४.५ पासून सुरू होतं, त्यामुळे आकाशगंगेला त्या कमी पडतात. रात्रीच्या आकाशासाठी टोकिना ११-२० सारखी एफ/२.८ ची हवी.

फुल फ्रेम हाताशी असताना रुंद काम क्रॉपवर करावं का? आमच्या मते घराबाहेर दिवसा, चालत फिरताना खुशाल करावं. अंधाऱ्या गाभाऱ्यात किंवा रात्री फुल फ्रेमच बरी. दोन्हीकडे अतिरुंद लेन्स ठेवायची गरज जवळजवळ कुणालाच नसते.

प्रश्न: पक्षी आणि वाघांसाठी क्रॉपवर ‘जास्त लांब’ जाता येतं म्हणतात. किती तथ्य आहे?

तथ्य आहे, पण ते गुणकात नाही, पिक्सेलच्या आकारात आहे. हिशोब करून बघा. २० सेंटिमीटरचा पक्षी, अंतर २० मीटर, लेन्स ५०० मि.मी. सेन्सरवर त्याची प्रतिमा ५ मि.मी.ची पडते, मग बॉडी कुठलीही असो. आता या ५ मि.मी.त किती पिक्सेल बसतात ते मोजू. डी७५० चा पिक्सेल ५.९५ मायक्रॉनचा, म्हणजे पक्ष्यावर ८४० पिक्सेल. डी७२०० चा ३.९२, म्हणजे १,२७५. डी५०० चा ४.२२, म्हणजे ११८५. आणि फुल फ्रेम डी८५० चा ४.३५, म्हणजे ११४९.

यातून उत्तर मिळतं. तुमची फुल फ्रेम २४ मेगापिक्सेलची असेल तर लांब लेन्स क्रॉपवर लावल्याने पक्ष्यावर दीडपट पिक्सेल पडतात, बारीक पिसं दिसतात. फुल फ्रेम ४५ मेगापिक्सेलची असेल तर २०-२१ मेगापिक्सेलच्या क्रॉपचा फायदा नावापुरता उरतो. तिथे क्रॉप बॉडी ठेवायची ती वेगासाठी किंवा वजनासाठी.

पहाटेच्या उजेडाबद्दल एक गैरसमज सर्रास ऐकू येतो: ‘फुल फ्रेमवर काढतो आणि नंतर कापतो, दाणे कमी येतील.’ फ्रेम क्रॉपएवढी कापली की सेन्सरचाही तेवढाच तुकडा वापरला जातो आणि स्टॉपभराचा फायदा निघून जातो. विषय फुल फ्रेममध्ये भरत असेल तरच तो फायदा मिळतो. ताडोब्यात वाघ बरेचदा जिप्सीच्या रस्त्यावरच येतो, दहा-पंधरा मीटरवर. तिथे क्रॉपवरच्या ५०० मध्ये नुसतं तोंड मावतं. म्हणून जिप्सीत लांब झूम क्रॉपवर आणि ७०-२०० फुल फ्रेमवर, दोन्ही तयार ठेवाव्यात. उन्हाळ्यातल्या धुळीत लेन्स बदलावी लागत नाही हाही फायदाच, कारण धूळ एकदा सेन्सरवर बसली की एफ/११ च्या प्रत्येक आकाशात डाग येतात. भिगवणला नावेतून रोहित काढताना अंतर ठरलेलं नसतं, तिथेही हीच जोडी चालते.

लांब लेन्स घ्यायची ती फुल फ्रेमचीच. निकॉन २००-५०० एफ/५.६, सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६००, कॅनन १००-४००, सोनी २००-६०० या साऱ्या फुल फ्रेमच्या आहेत.

प्रश्न: क्रॉप बॉडी ठेवण्याऐवजी टेलिकन्व्हर्टर घेतला तर?

टेलिकन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावून फोकल लेंथ वाढवणारा जोड. १.४ चा कन्व्हर्टर एक स्टॉप खातो, २ चा दोन स्टॉप. एफ/५.६ ची झूम एफ/८ होते, आणि डीएसएलआरमध्ये एफ/८ ला फोकस करणारे बिंदू मधलेच मोजके उरतात, जुन्या बॉडींत एकही नाही. शिवाय कन्व्हर्टर ठरावीक लेन्सवरच बसतो. आरएफ ७०-२०० एफ/२.८ च्या २०१९ च्या आवृत्तीवर कॅननचाच एक्स्टेंडर बसत नाही. क्रॉप बॉडी आधीच घरात असेल तर तीच तुमचा कन्व्हर्टर.

प्रश्न: प्राइम (झूम नसलेल्या) लेन्स कुठल्या घ्याव्यात?

इथे वाटून वापरण्याचा खरा लाभ आहे. फुल फ्रेमच्या ३५ आणि ८५ या दोनच लेन्समधून दोन बॉडींवर चार कोन मिळतात: ३५, ५२, ८५ आणि १२८. शिवाय स्वस्तातली ५० एफ/१.८ असेल तर ती फुल फ्रेमवर नेहमीची आणि क्रॉपवर चेहऱ्यांची लेन्स. क्रॉपची ३५ एफ/१.८ आधीपासून आहे आणि फुल फ्रेमची पुन्हा घ्यावी का, असं विचाराल तर फुल फ्रेमवर ३५ चा कोन खरंच हवा असेल तेव्हाच घ्या.

प्रश्न: एका बॉडीवर नीट चालणारी लेन्स दुसरीवर फोकसच करत नाही. का?

निकॉनमध्ये याची दोन कारणं असतात. एक, जुन्या ‘एएफ-डी’ लेन्समध्ये मोटर नसते, ती बॉडीतल्या स्क्रूवर चालते. डी७५०, डी८५०, डी७२०० मध्ये हा स्क्रू आहे. डी३५००, डी५६०० मध्ये नाही. माउंटवर खाली डावीकडे स्क्रूड्रायव्हरच्या टोकासारखं काही दिसतं का ते बघा. नसेल तर ५० एफ/१.८ डी तिथे हातानेच फोकस करावी लागेल. जमलं की व्ह्यूफाइंडरमध्ये हिरवा ठिपका लागतो. जुन्या लेन्स झेड बॉडीवर बसवणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही मोटर नाही, त्यामुळे झेड बॉडींवर एएफ-डीची तीच गत. दोन, याच्या उलट, नवीन ‘एएफ-पी’ लेन्स डी९०, डी७०००, डी३१००, डी५१०० अशा जुन्या बॉडींवर फोकसच करत नाहीत. जुनी क्रॉप आणि नवी फुल फ्रेम अशी जोडी असेल तर एएफ-पी ७०-३०० घेण्याआधी हे तपासा.

फोकस होतो पण दरवेळी थोडा पुढे-मागे पडतो, ही तक्रार वेगळी, आणि ती फक्त डीएसएलआरची. प्रत्येक लेन्स-बॉडी जोडीचा फरक स्वतंत्र असतो, म्हणून फुल फ्रेमवर बरोबर असलेली ८५ क्रॉपवर चुकू शकते. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा. फोकल लेंथच्या साधारण ५० पट अंतरावर, म्हणजे ८५ साठी सव्वाचार मीटरवर, भिंतीवर, कॅमेऱ्याला समांतर, वर्तमानपत्राचं पान चिकटवा. सर्वात मोठ्या अ‍ॅपर्चरला एक फोटो व्ह्यूफाइंडरने आणि एक लाइव्ह व्ह्यूने काढा, दरवेळी आधी फोकस मुद्दाम बिघडवून. लाइव्ह व्ह्यूचा सातत्याने जास्त धारदार येत असेल तर ‘एएफ फाइन ट्यून’ किंवा कॅननचं ‘मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट’ वापरा. ते डी७२००, डी७५०, कॅनन ८०डी, ६डी यांत आहे; डी५६०० किंवा १५००डी मध्ये नाही.

प्रश्न: फुल फ्रेमची महागडी लेन्स क्रॉपवर जास्त धारदार येते ना?

कोपरे नक्की चांगले येतात, कारण फक्त मधला भाग वापरला जातो. मध्यभागाची मात्र कसोटी लागते. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉपची पिक्सेलघनता ५४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमएवढी असते, कॅनन आर७ ची ८३ एवढी. फिल्मच्या काळातली ७५-३०० फुल फ्रेमवर ठीक वाटते आणि क्रॉपवर मऊ पडते ती यामुळे. क्रॉपवर शक्यतो एफ/११ च्या पुढे जाऊ नका, एफ/१६ ला सगळंच मऊ होऊ लागतं.

प्रश्न: लग्नात दोन बॉडी घेतल्या तर कुठली लेन्स कुठे?

दिवसा उघड्या मांडवात: २४-७० फुल फ्रेमवर, ७०-२०० क्रॉपवर. ७०-२०० तिथे १०५-३०० सारखी चालते आणि अक्षता टाकणारे पाहुणे लांबून टिपता येतात. संध्याकाळी हॉलमध्ये पिवळ्या दिव्यांखाली अदलाबदल करा. ७०-२०० एफ/२.८ फुल फ्रेमवर घ्या, म्हणजे आयएसओ ६४०० सुसह्य होतो. क्रॉपवर १७-५० एफ/२.८ लावा आणि छताला फ्लॅश मारा. दोन्ही बॉडींची घड्याळं निघण्याआधी जुळवून घ्या आणि व्हाइट बॅलन्स दोन्हीकडे एकाच केल्व्हिन आकड्यावर ठेवा. ऑटोवर दोन बॉडी एकाच शालूचे दोन रंग दाखवतात, आणि ते नंतर जुळवत बसावं लागतं.

प्रश्न: मॅक्रोसाठी?

फुल फ्रेमची ९०-१०५ घ्या आणि बहुतेक वेळा क्रॉपवर लावा. १:१ मोठेपणाला (वस्तूची प्रतिमा सेन्सरवर वस्तूएवढीच पडते तेव्हा) फुल फ्रेममध्ये ३६ × २४ मि.मी.चा भाग मावतो, क्रॉपमध्ये २३.५ × १५.६ चा. कास पठारावरची दीड सेंटिमीटरची फुलं क्रॉपवर आहे त्या अंतरावरून फ्रेमभर येतात, आणि स्पष्टतेची खोलीही थोडी सोपी जाते. क्रॉपसाठी ४०-६० ची मॅक्रो मिळते, पण तिने १:१ ला जायचं तर किड्याच्या अंगावर लेन्सची सावली पडते.

प्रश्न: हात हलण्याचं गणित दोन्हीकडे वेगळं आहे का?

हो. २०० मि.मी.ला फुल फ्रेमवर १/२०० पुरत असेल तर क्रॉपवर १/३०० धरा, जास्त मेगापिक्सेल असतील तर १/४००. बॉडीतलं स्थिरीकरणही तपासा. सोनी ए६४००, निकॉन झेड ५०, कॅनन आर१० आणि आर५० मध्ये ते नाही. ए६७००, आर७, झेड ६ आणि ए७ मार्क २ पासून पुढच्या ए७ मध्ये आहे. स्थिरीकरण नसलेली ८५ फुल फ्रेमवर संध्याकाळीही हातात चालते, तीच क्रॉपवर हलते, आणि दोष लेन्सला लावला जातो.

प्रश्न: फिल्टर दोन-दोन घ्यायचे का?

नाही. सर्वात मोठ्या व्यासाचा एक संच, बहुधा ७७ किंवा ८२, आणि बाकीच्यांना स्टेप-अप रिंग. ५२ ते ७७, ६७ ते ७७ अशा रिंग स्वस्त असतात. रिंग लावल्यावर मूळ हुड बसत नाही, हे गृहीत धरा. अतिरुंद लेन्सवर रिंग, पोलरायझर आणि एनडी (उजेड कमी करणारा फिल्टर) एकावर एक चढवले तर कोपरे कापले जातात.

प्रश्न: डीएसएलआरच्या लेन्स मिररलेस फुल फ्रेमवर नेल्या तर?

एकाच कंपनीत बिनधास्त न्या, फक्त वर सांगितलेल्या निकॉन एएफ-डी सोडून. ईएफ ते आरएफ अडॅप्टरमध्ये काच नसते, फोकसही उत्तम चालतो. उलटा प्रवास अशक्य आहे. लेन्सच्या बसणीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर आरएफमध्ये २० मि.मी., ईएफमध्ये ४४. निकॉन झेडमध्ये १६, जुन्या एफ माउंटमध्ये ४६.५. मिररलेसची लेन्स डीएसएलआरवर तेवढी जवळ नेताच येत नाही. म्हणजे क्रॉप डीएसएलआर आणि फुल फ्रेम मिररलेस अशी जोडी असेल आणि दोन्ही ठेवायच्या असतील, तर वाटून वापरायची लेन्स जुन्या माउंटचीच घ्यावी लागते. कॅनन ईओएस एम वापरणाऱ्यांनी सावध राहावं: ईएफ-एम लेन्स आरएफ बॉडीवर अडॅप्टरनेही जात नाहीत.

प्रश्न: व्हिडिओसाठी क्रॉप लेन्स निरुपयोगी होतात का?

उलट, कधी त्याच योग्य ठरतात. सोनी ए७ मार्क ४ वर ४के ६० फ्रेम घेतले की बॉडी आपणहून क्रॉपमध्ये जाते. निकॉन झेड ६ टू मध्येही तसंच. तिथे एकाच फोकल लेंथच्या क्रॉप आणि फुल फ्रेम लेन्समध्ये कोनाचा काहीच फरक पडत नाही, आणि गिंबलवर (कॅमेरा स्थिर धरणारी दांडी) हलकी लेन्स हातांना बरी.

प्रश्न: आधी काय विकायचं, आधी काय घ्यायचं?

सहा महिन्यांचे फोटो काढा आणि फोकल लेंथनुसार लावून बघा. लाइटरूममध्ये मेटाडेटाच्या चाळणीत हे दोन मिनिटांत होतं. क्रॉपवरचे बहुतेक फोटो १८-२४ चे असतील तर फुल फ्रेमला आधी २४ पासून सुरू होणारी झूम द्या. बहुतेक २०० च्या वरचे असतील तर फुल फ्रेमसाठी नुसती ५० एफ/१.८ घ्या आणि लांब लेन्स क्रॉपवरच राहू द्या. क्रॉपच्या ५५-२०० किंवा ५५-२५० या झूम सगळ्यात आधी निरोप द्यायच्या, कारण फुल फ्रेमची ७०-३०० दोन्हीकडे ते काम करते. निकॉन आणि कॅनन आता नवीन लेन्स मिररलेसच्या माउंटसाठीच काढतात, त्यामुळे डीएसएलआरच्या क्रॉप लेन्सचा भाव पुढे वाढेल या आशेवर थांबू नका. पण १०-१८ किंवा १०-२० विकू नका. हातात येणारे पैसे थोडे असतात आणि क्रॉपवर तिची जागा दुसरी कुठलीही फुल फ्रेम लेन्स त्या भावात भरत नाही.

प्रश्न: वापरलेली लेन्स घेताना दोन्ही बॉडी सोबत न्याव्यात का?

अवश्य. दोष दोन्हीकडे वेगवेगळे दिसतात. फुल फ्रेमवर सर्वात मोठ्या अ‍ॅपर्चरला विटांच्या भिंतीचा सरळ फोटो घ्या आणि चारही कोपरे मोठे करून तपासा. एकच कोपरा मऊ असेल तर आतली काच सरकली आहे. क्रॉपवर हा दोष लपतो, म्हणून फक्त क्रॉप बॉडी घेऊन गेलेला माणूस फसतो. मग क्रॉपवर मध्यभाग बघा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून मागून मोबाइलचा टॉर्च मारा; कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या लेन्समध्ये ती हमखास शोधावी. कडेला एखादा धागा असला तरी भाव पाडून घेऊ नका, सरळ परत द्या. चांगली निघाली तर घरी ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटमध्ये किंवा सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. जेलचे रंगीत दाणे रंग बदलले की कढईत मंद आचेवर भाजून पुन्हा वापरता येतात. ती कढई मग स्वयंपाकाला वापरायची नाही.